ग्रँड स्लॅमच्या विक्रमांची वही कशी लिहावी

इंदूरच्या रामबागेत २०२३ च्या गणेशोत्सवात प्रश्नमंजूषा घेण्याचे काम माझ्याकडे होते. नोव्हाक जोकोविचने अमेरिकन ओपन जिंकून जेमतेम दोन आठवडे झाले होते, म्हणून टेनिसवरचा शेवटचा प्रश्न मी असा लिहून नेला होता: ‘सर्वाधिक ग्रँड स्लॅम विजेतेपदे कोणाच्या नावावर आहेत?’ पहिल्या गटाने जोकोविच, २४ असे उत्तर दिले. दुसऱ्या गटाने ऑस्ट्रेलियाच्या जुन्या काळातील टेनिसपटू मार्गारेट कोर्टचे नाव घेतले आणि आकडा तोच, २४, सांगितला. तिसऱ्या गटातल्या आठवीच्या एका मुलीनेही कोर्टचेच नाव घेतले, पण आकडा ६४ सांगितला. माझ्या कागदावर जोकोविचचे नाव होते, त्यामुळे मी पहिल्या गटाला गुण दिले आणि बाकीच्यांची उत्तरे चुकीची ठरवली. घरी येऊन तपासले तेव्हा लक्षात आले की तिन्ही उत्तरांना आधार होता. एकेरीची २४ विजेतेपदे जोकोविचच्या नावावर आहेत आणि कोर्टच्याही. दुहेरी व मिश्र दुहेरी धरली तर कोर्टची संख्या ६४ होते. चूक प्रश्नातच होती, कारण मी आकडा विचारला होता आणि अट सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची सर्वांसमोर क्षमा मागितली आणि त्याच आठवड्यात वही लिहायला घेतली. ती लिहिताना जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहे. शाळेतील शिक्षक, मंडळांत प्रश्नमंजूषा घेणारे कार्यकर्ते आणि ग्रँड स्लॅमच्या चारही स्पर्धा (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन) मनापासून पाहणारे प्रेक्षक या सर्वांना ही पद्धत वापरता येईल.

आपल्या इंदूरला ‘अट’ म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. होळकर संघाने १९४५-४६ च्या रणजी करंडक स्पर्धेत म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या आणि त्या एकाच डावात सहा फलंदाजांनी शतके ठोकली, हे येथील जुन्या घरांतून आजही अभिमानाने सांगितले जाते. पण सांगणारा जाणकार असेल तर तो ‘प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये’ हे शब्द गाळत नाही. टेनिसच्या बाबतीतही हीच शिस्त पाळायची आहे.

वही आखताना

खजुरी बाजारातून दोनशे पानांची लांब, जाड पुठ्ठ्याची खातेवही आणावी. समोरासमोरची दोन पाने मिळून एक तक्ता धरावा आणि त्यात सात रकाने आखावेत: अट, आकडा, खेळाडू, स्पर्धा व वर्ष, कोर्ट कशाचे होते, हा विक्रम आधी कोणाचा होता, आणि आपण ही नोंद कधी तपासली. अटीचा रकाना सर्वांत आधी आणि सर्वांत रुंद ठेवावा. आकडा एका इंचात मावतो, अट मावत नाही. तिसऱ्या-चौथ्या नोंदीला जागा अपुरी पडू लागली की मनुष्य अट आखूड करू लागतो, आणि विक्रम बिघडतो तो तेथेच.

जे खेळाडू अजून खेळत आहेत त्यांचे आकडे पेन्सिलीने लिहावेत आणि निवृत्तांचे शाईने. राफेल नदालने २०२४ च्या अखेरीस निवृत्ती घेतली तेव्हा त्याच्या फ्रेंच ओपनच्या पानावर मी शाई फिरवली. ते काम करताना मन जड झाले होते, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

पहिली अट कोणत्या प्रकाराची आहे हे स्पष्ट करावे: एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी, की तिन्ही मिळून. याचे उत्तम उदाहरण मार्टिना नवरातिलोवा आहे. तिची एकेरीची विजेतेपदे १८, दुहेरीची ३१ आणि मिश्र दुहेरीची १०, म्हणजे एकूण ५९. एकेरीच्या यादीत ती स्टेफी ग्राफच्या २२ आणि सेरेना विल्यम्सच्या २३ या संख्यांच्या खाली दिसते, पण तिन्ही प्रकारांच्या यादीत तिच्यापुढे केवळ कोर्ट आहे. कोर्टच्या ६४ मध्येही एक बारकावा आहे. १९६५ आणि १९६९ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धांत मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झालाच नाही आणि विजेतेपद दोन्ही जोड्यांत वाटून दिले गेले. ती दोन धरली तर ६४, न धरली तर ६२. आपण कोणती गणना धरली आहे ते त्याच ओळीत लिहावे. दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले म्हणून त्यांतले एक चुकीचेच असते असे नाही.

१९६८ ची रेघ

वहीत एक रेघ सर्वांत ठळक हवी, आणि ती १९६८ ची. त्यापूर्वी विम्बल्डनसह चारही मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी असत. पैसे घेऊन खेळणाऱ्याला तेथे प्रवेश नव्हता. १९६८ पासून व्यावसायिकांनाही प्रवेश मिळू लागला. त्या वर्षीची फ्रेंच स्पर्धा ही सर्वांसाठी खुली झालेली पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा होय, आणि ती केन रोझवॉलने जिंकली. या काळाला आपण ‘खुले युग’ म्हणतो. वृत्तपत्रात ‘खुल्या युगातील विक्रम’ असे वाचले की त्यापूर्वीची सुमारे नव्वद वर्षे बाजूला ठेवली आहेत हे ओळखावे, कारण विम्बल्डन १८७७ पासून, अमेरिकन स्पर्धा १८८१ पासून, फ्रेंच १८९१ पासून आणि ऑस्ट्रेलियन १९०५ पासून खेळली जात आहे.

ही रेघ किती माणसांच्या कारकिर्दीवरून गेली आहे हे समजून घेण्यासाठी रॉड लेव्हरचे पान सावकाश लिहावे. लेव्हरने १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या. त्यानंतर तो व्यावसायिक झाला आणि १९६३ ते १९६७ ही पाच वर्षे आणि १९६८ ची ऑस्ट्रेलियन, म्हणजे एकवीस स्पर्धा, त्याला खेळताच आल्या नाहीत. दार उघडल्यावर तो परतला आणि १९६९ मध्ये त्याने पुन्हा चारही जिंकल्या. त्याच्या नावावर एकेरीची ११ विजेतेपदे आहेत. ही संख्या जोकोविचच्या २४, नदालच्या २२ किंवा रॉजर फेडररच्या २० या संख्यांशेजारी नुसती ठेवली तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. लेव्हर खेळला असता तर किती जिंकला असता याचा अंदाज वहीत लिहू नये. मात्र ‘एकवीस स्पर्धांना मज्जाव’ ही वस्तुस्थिती शेऱ्यात अवश्य लिहावी. माझ्या मते, ज्या वहीत हा शेरा नाही ती वही अपुरी आहे.

कोर्टच्या २४ विजेतेपदांपैकी १३ या रेघेपूर्वीची आहेत आणि ११ नंतरची. त्यामुळे महिला एकेरीचा खुल्या युगातला विक्रम सेरेनाच्या २३ चा होतो आणि सर्वकालीन विक्रम कोर्टच्या २४ चा. जोकोविचची सर्वच्या सर्व खुल्या युगातील आहेत: ऑस्ट्रेलियन १०, फ्रेंच ३, विम्बल्डन ७ आणि अमेरिकन ४. कोर्टने ११ वेळा ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली, तेव्हा परदेशातील अनेक आघाडीच्या खेळाडू इतक्या दूरचा प्रवास करत नसत, हेही काही जण आवर्जून सांगतात. ते खरे आहे, परंतु त्याच कोर्टने १९७० मध्ये चारही स्पर्धा एका वर्षात जिंकल्या, हे सांगितल्यावाचून पहिले सांगणे मला अन्यायाचे वाटते.

स्पर्धेचा साचा बदलतो तेव्हा

नाव तेच राहते आणि आतली स्पर्धा बदलते, हे ध्यानात न घेतल्यामुळे सर्वाधिक चुका होतात. विम्बल्डनमध्ये १९२१ पर्यंत गतविजेता थेट शेवटच्या सामन्यात उतरत असे. बाकी सर्वांनी आपसात खेळून त्याला आव्हान देणारा ठरवायचा. विल्यम रेनशॉने १८८० च्या दशकात सात विजेतेपदे मिळवली, पैकी सहा सलग, तेव्हा ही पद्धत चालू होती. फेडररने विम्बल्डन आठ वेळा जिंकले, आणि प्रत्येक वेळी त्याला पहिल्या फेरीपासून उतरावे लागले. दोन्ही नोंदी वहीत असाव्यात, पण एकाच रकान्यात एकीखाली एक लिहू नयेत. फ्रेंच स्पर्धेत १९२५ पूर्वी केवळ फ्रान्समधील क्लबांच्या सदस्यांना प्रवेश होता, म्हणून त्याआधीची विजेतेपदे वेगळ्या पानावर घ्यावीत.

कोर्टाचा रकाना याचसाठी ठेवला आहे. अमेरिकन ओपन १९७४ पर्यंत हिरवळीवर, १९७५ ते १९७७ मातीवर आणि १९७८ पासून हार्ड कोर्टवर खेळली जाते. जिमी कॉनर्सने ती १९७४, १९७६ आणि १९७८ मध्ये, म्हणजे तिन्ही प्रकारच्या कोर्टांवर जिंकली. हा विक्रम एरवी कोणत्याही आकड्यात दिसत नाही. कोर्टाचा रकाना भरला तरच तो वर येतो. ऑस्ट्रेलियन ओपनही १९८८ मध्ये हिरवळीवरून हार्ड कोर्टवर आली. याच स्पर्धेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी: १९७७ मध्ये ती दोनदा, जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये, झाली आणि १९८६ मध्ये झालीच नाही. वर्षे मोजून स्पर्धांची संख्या काढणाऱ्याची बेरीज येथे हमखास चुकते.

नियम बदलल्यामुळे एखादा विक्रम कायमचा बंद होतो, याचे उदाहरण २०१० च्या विम्बल्डनमधले आहे. जॉन इस्नर आणि निकोलस माहू यांचा पहिल्या फेरीचा सामना तीन दिवस चालला. तो ११ तास ५ मिनिटांचा होता, एकूण १८३ गेम झाले आणि पाचवा सेट ७०-६८ असा सुटला. इस्नरने ११३ आणि माहूने १०३ बिनतोड सर्व्हिस केल्या. त्यापूर्वी विम्बल्डनमधला सर्वांत लांब सामना १९६९ मधील पांचो गोन्झालेस व चार्ली पासारेल यांचा ११२ गेमचा होता, आणि तेव्हा तर टायब्रेकर (बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणारा जादा गेम) कोणत्याच सेटमध्ये नव्हता. विम्बल्डनने २०१९ मध्ये निर्णायक सेटमध्ये १२-१२ वर टायब्रेकर आणला, आणि २०२२ पासून चारही स्पर्धांत निर्णायक सेटमध्ये ६-६ अशी बरोबरी झाली की दहा गुणांचा टायब्रेकर होतो. ७०-६८ हा गुणफलक आता शक्यच नाही. अशा नोंदीपुढे मी ‘नियमाने बंद’ असे लिहितो. वेळेचे विक्रम मात्र अजून खुले आहेत. सर्वांत दीर्घ अंतिम सामना २०१२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमधला जोकोविच आणि नदाल यांचा, ५ तास ५३ मिनिटांचा. २०२५ ची फ्रेंच ओपनची अंतिम लढत नव्या नियमाखाली होऊनही ५ तास २९ मिनिटे रंगली. यानिक सिनरने तीन मॅच पॉइंट, म्हणजे एका गुणाने सामना जिंकण्याच्या संधी, मिळवले होते. कार्लोस अल्काराझने ते परतवले आणि सामना जिंकला.

‘सलग’, ‘चारही’ आणि ‘सर्वांत लहान’

हे तीन शब्द दिसले की पेन थांबवावे. फेडररने २००४ च्या विम्बल्डनपासून २०१० च्या ऑस्ट्रेलियन ओपनपर्यंत सलग २३ ग्रँड स्लॅम स्पर्धांची उपांत्य फेरी गाठली, आणि यात मध्ये एकही स्पर्धा चुकलेली नाही. ख्रिस एव्हर्टने १९७१ च्या अमेरिकन स्पर्धेपासून १९८३ च्या फ्रेंच ओपनपर्यंत आपण खेळलेल्या सलग ३४ स्पर्धांत उपांत्य फेरी गाठली, पण त्या काळातील काही स्पर्धांत ती उतरली नव्हती. पहिल्या नोंदीत ‘झालेल्या सलग स्पर्धा’ आणि दुसरीत ‘खेळलेल्या सलग स्पर्धा’ असे लिहावे. कोणता विक्रम मोठा असा वाद मुले घालतील. तो वाद चांगला आहे, कारण तो अटीवर होतो.

एका कॅलेंडर वर्षात एकेरीच्या चारही स्पर्धा जिंकणे आजवर पाच खेळाडूंना जमले आहे: डॉन बज (१९३८), मॉरीन कॉनली (१९५३), लेव्हर (१९६२ व १९६९), कोर्ट (१९७०) आणि स्टेफी ग्राफ (१९८८). ग्राफने त्याच वर्षी सोल ऑलिंपिकचे सुवर्णपदकही जिंकले. टेनिस हा पदकाचा खेळ म्हणून १९२४ नंतर प्रथम १९८८ मध्येच परतला होता, म्हणून बज, कॉनली, लेव्हर आणि कोर्ट यांना ती संधीच नव्हती, हे शेऱ्यात यावे. जोकोविचने २०१५ चे विम्बल्डन, २०१५ ची अमेरिकन, २०१६ ची ऑस्ट्रेलियन आणि २०१६ ची फ्रेंच अशी चारही विजेतेपदे एका वेळी जवळ बाळगली. हे काम कमी तोलाचे नाही, परंतु ते दोन कॅलेंडर वर्षांत विभागलेले असल्याने त्याचे पान वेगळे. नवरातिलोवाने तर १९८३ च्या विम्बल्डनपासून १९८४ च्या अमेरिकन ओपनपर्यंत सलग सहा स्पर्धा जिंकल्या. तेव्हा ऑस्ट्रेलियन स्पर्धा वर्षाच्या शेवटी होत असे, हे माहीत नसेल तर तो क्रम जुळत नाही.

वयाच्या नोंदी वर्षांत नव्हे, वर्षे व दिवसांत ठेवाव्यात. लॉटी डॉडने १८८७ मध्ये विम्बल्डनची महिला एकेरी जिंकली तेव्हा ती १५ वर्षे २८५ दिवसांची होती. मार्टिना हिंगीसने १९९६ मध्ये हेलेना सुकोव्हासह तेथेच दुहेरी जिंकली तेव्हा ती १५ वर्षे २८२ दिवसांची होती. तीन दिवसांच्या फरकाने ‘सर्वांत लहान ग्रँड स्लॅम विजेती’ बदलते, पण एकेरीपुरते पाहिले तर डॉडचे नाव जागचे हलत नाही. वयाच्या दुसऱ्या टोकाला रोझवॉल आहे: १९७२ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा त्याने ३७ वर्षे २ महिने वय असताना जिंकली, आणि खुल्या युगातील पुरुष एकेरीचा तो सर्वांत वयस्क विजेता आहे.

हार म्हणजे काय हेही नीट ठरवून घ्यावे. फ्रेंच ओपनमध्ये नदालची कामगिरी ११२ विजय आणि ४ पराभव अशी आहे, आणि तेथे त्याने १४ वेळा विजेतेपद मिळवले. २०१६ मध्ये मनगटाच्या दुखापतीमुळे त्याने तिसऱ्या फेरीपूर्वी माघार घेतली, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळाली. असा न झालेला सामना पराभवात धरत नाहीत. याउलट २०२० च्या अमेरिकन ओपनमध्ये जोकोविचने मारलेला चेंडू रेषेवरील पंच महिलेला लागला आणि त्याला अपात्र ठरवण्यात आले. सामना सुरू झालेला असल्यामुळे तो पराभव धरला जातो. सामना अर्धवट सोडणाऱ्याच्या खात्यावरही पराभवच लागतो.

भारतीय खेळाडूंचे पान

हे पान वहीच्या शेवटी ढकलू नये. १९३९ मध्ये गौस मोहम्मद विम्बल्डन एकेरीची उपांत्यपूर्व फेरी गाठणारे पहिले भारतीय ठरले. रामनाथन कृष्णन यांनी १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे उपांत्य फेरी गाठली. पहिल्या वर्षी ते नील फ्रेझरकडून आणि दुसऱ्या वर्षी लेव्हरकडून हरले, आणि दोन्ही वेळा त्यांना हरवणाराच पुढे विजेता झाला. पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद महेश भूपतीने १९९७ च्या फ्रेंच ओपनमध्ये रिका हिराकीसह मिश्र दुहेरीत मिळवले. लिएंडर पेसची १८ विजेतेपदे आहेत, दुहेरीची ८ आणि मिश्र दुहेरीची १०. भूपतीची १२ आणि सानिया मिर्झाची ६. पेसने २००३ च्या विम्बल्डनची मिश्र दुहेरी नवरातिलोवासह जिंकली, आणि त्याच विजयाने नवरातिलोवाने विम्बल्डनमधील एकूण २० विजेतेपदांच्या बिली जीन किंगच्या विक्रमाशी बरोबरी केली. म्हणजे एक सामना दोन पानांवर लिहावा लागतो. अशा ठिकाणी एका पानावरून दुसऱ्याचा क्रमांक द्यावा. रोहन बोपण्णाने २०२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन मॅथ्यू एब्डनसह जिंकली तेव्हा तो ४३ वर्षांचा होता; पुरुष दुहेरीत खुल्या युगातील तो सर्वांत वयस्क विजेता ठरला. कुमार गटातील विजेतेपदे मात्र या पानावर आणू नयेत, त्यांच्यासाठी निराळे पान राखावे.

तारीख आणि तपासणी

तारीख नेहमी स्पर्धेच्या गावची लिहावी. मेलबर्नचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, पॅरिसचा दुपारी अडीचला, विम्बल्डनच्या बाहेरच्या कोर्टांवरचा दुपारी साडेतीनला. हे तिन्ही सहसा त्याच तारखेत बसतात. न्यूयॉर्कचे सामने मात्र इंदूरमध्ये रात्री साडेआठला सुरू होतात आणि तेथील संध्याकाळच्या सत्राला आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडू लागते. एम्मा राडुकानूने २०२१ ची अमेरिकन ओपन पात्रता फेरीपासून दहा सामने एकही सेट न गमावता जिंकली, ती अंतिम लढत ११ सप्टेंबरची. आपल्यापैकी अनेकांनी तिचा शेवट मध्यरात्रीनंतर पाहिला, म्हणून १२ तारीख लिहिली.

वृत्तवाहिनीवर खाली धावणाऱ्या ओळीवरून कधीही नोंद करू नये. त्या रात्री पेन्सिलीने टिपून ठेवावे, सकाळी स्पर्धेच्या अधिकृत नोंदींशी गुणफलक ताडून पाहावा आणि मगच तपासणीच्या रकान्यात तारीख घालावी. प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न काढताना आकड्याच्या रकान्यावर हात ठेवावा आणि उरलेली ओळ जशी आहे तशी वाचावी. माझ्या वहीत आता तो जुना प्रश्न असा आहे: ‘पुरुष एकेरीत, सर्व काळ मिळून, सर्वाधिक ग्रँड स्लॅम विजेतेपदे २०२३ च्या अमेरिकन ओपनअखेर कोणाच्या नावावर होती, आणि ती किती?’ वाचायला तो लांब आहे, पण त्याला उत्तर एकच आहे.